शेजाऱ्याचं रीडिंग

दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गात एक कागद वाटतो. दोन्ही बाजूंनी छापलेला. पुढच्या बाजूला परीक्षेचे अकरा नियम, मागच्या बाजूला अभ्यास कसा करावा याबद्दलचा सल्ला. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो तिथे हा कागद माझ्या नावापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. जुने विद्यार्थी बाजारात भेटले तर आधी नमस्कार करतात आणि मग म्हणतात, "सर, घरातलं लग्न हे वैद्यकीय कारण नाही."

तो सहावा नियम. अंतर्गत परीक्षा पुन्हा घेतली जाणार नाही, डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय. आणि घरातलं लग्न हे वैद्यकीय कारण नाही. चौथा नियम उशिरा येणाऱ्यांचा. सातवा असा, की प्रात्यक्षिकात तुमचं रीडिंग अपेक्षित रीडिंगपेक्षा दोन दशांशाहून जास्त हललं तर अचूकतेचे मार्क शून्य.

मागच्या बाजूचा सल्ला साधा आहे. सूत्र पाठ करण्याआधी एकदा स्वतः काढून पाहा. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका शेवटी सोडवा, आधी नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि मग तुम्हीही त्या खोलीत जाऊ नका. परीक्षेच्या आदल्या रात्री झोपा. यातलं मी विद्यार्थी असताना काहीही पाळलं नव्हतं, अपवाद झोपेचा. झोप मात्र मी मनापासून घेत असे.

राहिला नववा नियम. तो असा आहे: 'ब्युरेटवर दिसेल तेच रीडिंग लिहावे. शेजाऱ्याचे रीडिंग हे शेजाऱ्याचे असते. खोटे रीडिंग आढळल्यास पूर्ण प्रात्यक्षिकाचे शून्य.'

पोरं या वाक्यावर हसतात. दरवर्षी कुणीतरी विचारतं, "सर, हा नियम कुणावरून केला?" मी चष्मा पुसतो आणि दहावा नियम वाचायला घेतो. मी मुळातच कमी बोलणारा माणूस आहे. या बाबतीत तर मी जवळजवळ तीस वर्षं बोललोच नव्हतो, घरीसुद्धा.

मागच्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रयोग नेहमीचा, पाण्याचा कठीणपणा मोजायचा. शंकुपात्रात पाणी घ्यायचं, त्यात एक औषधासारखं द्रावण टाकायचं ज्याला अमोनियाचा उग्र वास येतो, मग चिमूटभर रंग. पाणी लाल होतं, द्राक्षाच्या वाइनसारखं. वरून ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या काचेच्या उभ्या नळीतून, थेंब थेंब दुसरं द्रावण सोडत राहायचं, आणि एका थेंबाला ते लाल जाऊन निळं होतं. तो थेंब पकडायचा आणि ब्युरेटवरचा आकडा लिहायचा. पाणी जितकं कठीण, तितका आकडा मोठा. शिकवून शिकवून माझे केस पिकले, पण तो निळा रंग आला की अजून बरं वाटतं.

आमच्या कॉलेजच्या नळाच्या पाण्याचा आकडा सहा पॉइंट दोनच्या आसपास येतो, वर्षानुवर्षं. हे मला ठाऊक आहे, प्रयोगशाळेच्या मामांना ठाऊक आहे, आणि मुलांनाही ठाऊक आहे, कारण वरच्या वर्गाची जर्नलं खालच्या वर्गाकडे येतात. पूर्वी ती जर्नलं हातोहात जायची, आता फोटो काढून ग्रुपवर पडतात. परीक्षेच्या दिवशी बरीच मुलं आधी आकडा लिहितात आणि मग ब्युरेट लावतात.

परीक्षा आमच्या विभागातल्या तरुण मॅडमनी घेतली. दुसऱ्या दिवशी त्या मार्कांची यादी घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. बावीस मुलं. एकवीस जणांचं रीडिंग सहा पॉइंट एक ते सहा पॉइंट तीन. एका मुलीचं चौदा पॉइंट आठ.

"ती अभ्यासात चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "पण अचूकतेचे मार्क गेले, त्यामुळे पंचवीसपैकी नऊ होतात. पास व्हायला दहा लागतात."

"चौदा पॉइंट आठ म्हणजे फारच गेलं," मी म्हणालो.

"सातवा नियम, सर. तुमचाच आहे."

दुपारी ती मुलगी स्वतःच आली. दिंडोरीहून रोज एसटीने येणारी, द्राक्षबागायतदार घरातली. दारात उभी राहून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"सर, मी तीनदा केलं. तिन्ही वेळा चौदा पॉइंट आठच आलं."

"बाकीच्या सगळ्यांचं सहा पॉइंट दोन आलंय."

"मला माहितीय ना सर. ग्रुपवर होतंच. मैत्रीण म्हणाली, बदल गं, कशाला शहाणपणा."

"मग का नाही बदललंस?"

"तुमचा नऊ नंबर. आणि खरं सांगू का सर? मामांनी हात धुवायला बादली ठेवली होती. तिच्यात हात धुतले तर साबणाला फेसच नाय. आमच्या बोअरचं पाणी असंच लय जड. आजोबा फवारणीच्या आधी पाणी तपासून घेतात, नायतर औषध लागत नाय. मला वाटलं, तुम्ही मुद्दामच पाणी बदललं असेल. कोण लिहितंय आणि कोण बघतंय ते पाहायला."

मी काही बदललं नव्हतं. एवढी कल्पकता माझ्यात नाही.

"घरी काय म्हणतील?" मी विचारलं.

"एक विषय राहिला तर आजोबा म्हणालेत, डबा बंद, छाटणीची कात्री चालू. कात्री मला येते सर. पण मला इथं यायचंय."

आणि इथे मी जे केलं ते सांगायला हवं, कारण ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. मी यादी पुढे ओढली, पेन उघडलं आणि म्हणालो, "एक मार्क ग्रेसचा देतो. दहा होतील. जा, अभ्यास कर."

मला वाटलं, ती खूश होईल. ती पिशवीचा बंद सोडून सरळ उभी राहिली.

"ग्रेस नको सर."

"अगं, पास होशील."

"ग्रेस म्हणजे मी चुकले, आणि तुम्ही माफ केलं. मी चुकले असेन तर नापास करा. नसेन तर मार्क द्या."

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. ती गेली. मी बराच वेळ त्या चौदा पॉइंट आठकडे बघत बसलो, आणि मला दिसत होतं अकरा पॉइंट आठ.

तर तो अकरा पॉइंट आठ असा. आमचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. माझा जोडीदार चांदवडचा होता. एकाच बाकावर तीन वर्षं आम्ही ब्युरेटा लावल्या. माझ्या डब्यातली पोळी त्याने आणि त्याच्या डब्यातली भाकरी मी खाल्ली. त्याला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं, मलाही. जागा थोड्या होत्या.

शेवटच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक आले होते. दिलेल्या आम्लाची तीव्रता काढायची. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच आकडा प्रयोगशाळेत फिरला होता: नऊ पॉइंट चार. मी प्रामाणिकपणे प्रयोग केला. गुलाबी रंग आला अकरा पॉइंट आठला. पुन्हा केला, पुन्हा तोच. मी हळूच जोडीदाराकडे वळलो.

"किती?" त्याने विचारलं.

"अकरा पॉइंट आठ. तुझं?"

"तेच. मग ठीक आहे," तो म्हणाला आणि निश्चिंतपणे लिहायला बसला.

मी निश्चिंत झालो नाही. सगळी प्रयोगशाळा नऊ पॉइंट चार लिहीत होती. मी खोडरबर काढलं, आठ-दहा वेळा इकडेतिकडे पाहिलं आणि नऊ पॉइंट चार लिहिलं. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानेही बदललं असतं का, हे मला माहीत नाही. कदाचित नसतं. म्हणूनही सांगितलं नसेल.

परीक्षकांनी त्याची उत्तरपत्रिका पाहिली आणि त्याला पुढे बोलावलं.

"डोळे तपासून घे रे बाबा. हे कुठून आणलंस?"

"ब्युरेटवर आलं, सर. याचंही तेच आलंय." त्याने माझ्याकडे बोट केलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, साक्षीदार शेजारीच उभा असल्यासारखं.

परीक्षक माझ्याकडे वळले. "काय रे? तुझं किती?"

"नऊ पॉइंट चार, सर," मी म्हणालो.

बस, एवढंच. तीन शब्द आणि एक 'सर'. त्याचं प्रात्यक्षिक गेलं, वर्ष गेलं, एम.एस्सी. गेलं. मला पहिला वर्ग मिळाला आणि जागाही. पुढे आठवड्याभरात सहज बोलताना तिथल्या प्रयोगशाळेच्या मामांकडून कळलं, की जुनी बाटली संपली म्हणून त्या सकाळी द्रावण नव्याने केलं होतं. नऊ पॉइंट चार जुन्या बाटलीचं होतं. कळल्यावरही मी कुणाकडे गेलो नाही. जाता आलं असतं. परीक्षक मुक्कामाला नव्हते, पण पत्ता होता, पोस्ट होतं.

आता पुढचं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या बावीस जणांना प्रयोगशाळेत बोलावलं. मॅडम होत्या, मामाही होते. परीक्षेच्या पाण्याचा कॅन अर्धा शिल्लक होता. मी बाह्या वर केल्या आणि सगळ्यांसमोर ब्युरेट लावली. बऱ्याच वर्षांत विद्यार्थ्यांनी मला स्वतः प्रयोग करताना पाहिलं नव्हतं, मागच्या रांगेतून आवाज आला, "सरांना जमतं का बघा."

सहा पॉइंट दोन आलं. पाणी लालच होतं. सात. आठ. मागच्या रांगेतलं कुजबुजणं थांबलं. दहाला कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं, अगदी हळू. चौदा पॉइंट सातला पाणी निळं झालं.

मी मामांकडे पाहिलं.

"टाकी धुवायला काढली होती ना सर," मामा म्हणाले. "नळाला पाणी नव्हतं. मी मागच्या बोअरचं भरलं. पाणी ते पाणी."

सगळी प्रयोगशाळा हसली. मग एकेकाच्या लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाही, आणि हसू ओसरलं. नववा नियम सगळ्यांना पाठ होता. एकवीस शून्यं समोर उभी होती.

"सर," एक मुलगा म्हणाला, "सगळ्यांचं सेम होतं म्हणून आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?"

"की आपलंच चुकलं असेल."

मला रागवायचं होतं. भाषण तयार होतं, वीस वर्षांपासून तयार होतं. पण तो मुलगा जे बोलला ते शब्दशः माझं होतं, आणि त्याला शून्य देणाऱ्याचा पगार नऊ पॉइंट चारवर चालला होता. मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं. अकरा पॉइंट आठ, खोडरबर, परीक्षक, ते तीन शब्द. फार नीट सांगता आलं नाही. मध्येच मामा चहा घेऊन आले आणि सगळं ऐकून तो परत घेऊन गेले.

मग दिंडोरीची ती मुलगी म्हणाली, "सर, त्यांना सांगितलं का मग नंतर?"

"नाही."

"एकदाही नाय?"

"नाही."

"मग सर," ती जरा चाचरत म्हणाली, "तुमची पण रीएक्झाम राहिलीच की."

आता सगळे हसले, मॅडमसुद्धा. मीही हसलो असेन. मी सांगितलं, की तिचे मार्क आजच दुरुस्त होतील आणि बाकीच्यांची परीक्षा सोमवारी पुन्हा होईल.

"आणि सहावा नियम?" मॅडमनी हळूच विचारलं.

"मीच लिहिलाय. मीच खोडतो."

"आणि तुमची कधी, सर?" मागची रांग.

"रविवारी," मी म्हणालो, आणि बोलून बसलो.

जोडीदार कुठे आहे हे मला नेहमीच माहीत होतं. पुढच्या वर्षी पदवी पूर्ण करून तो बी.एड. झाला आणि चांदवडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या बॅचच्या ग्रुपवर तो रोज सकाळी सहाला सुविचार टाकतो. मी कधी साधा अंगठाही दिला नव्हता. रविवारी एसटीत बसलो. पिंपळगाव गेल्यावर उतरून परतीची गाडी पकडावी असं दोनदा वाटलं, पण कंडक्टरने माझ्याशी क्रिकेटबद्दल बोलायला सुरुवात केली होती आणि मध्येच उतरणं बरं दिसलं नसतं.

तो कांदे साठवायच्या चाळीत बसून सडके कांदे निवडत होता. जाड झाला होता. मला पाहून उठला नाही, नुसता बघत राहिला.

"तू? रस्ता चुकलास काय?"

"नाही. तुझ्याकडेच आलोय."

"मग कुणीतरी गेलं असणार आपल्या बॅचचं."

"कुणी गेलं नाही."

"बरं. मग बस. आणि नुसता बसू नको, हात चालव."

मी उलट्या क्रेटवर बसलो आणि कांदे निवडायला लागलो. चांगला इकडे, सडका तिकडे. हात चालू असताना बोलणं सोपं जातं, हे मला त्या दिवशी कळलं. सगळं सांगून झालं तेव्हा त्याने माझ्या ढिगातला एक कांदा उचलला, दाबून पाहिला आणि सडक्यांत टाकला.

"माहितीय मला," तो म्हणाला. "मी शेजारीच उभा होतो ना."

"तू कधी बोलला नाहीस."

"बोललो की. चार महिने गावभर बोललो. तू तेव्हा मला पाहून दुसऱ्या गल्लीने जायचास." मग म्हणाला, "नाशिक ते चांदवड दीड तास लागतो, लेका. तुला तीस वर्षं लागली. कुठली गाडी पकडली होतीस?"

मी विचारलं, राग आहे का.

"होता. लय होता. मग शाळा लागली, लग्न झालं, पोरं झाली. रागाला बसायला घरात जागाच उरली नाही." त्याने हात झटकले. "पण आलाच आहेस तर एक काम कर. जे मला सांगितलंस ते हिला सांग."

त्याची बायको पोह्यांच्या ताटल्या घेऊन येत होती.

"हिला वाटतं, मी सिनेमे बघून नापास झालो," तो म्हणाला. "लग्न ठरताना हिच्या वडिलांनी विचारलं होतं, एक वर्ष कुठं गेलं. मी खरं सांगितलं. ते हसले. तेव्हापासून या घरात मी म्हटलं, मी किल्ली खुंटीलाच लावली होती, की ही म्हणते, 'हो, तुमचं रीडिंग.' पोरंही म्हणतात. आता सूनही म्हणायला लागलीय."

मी उभा राहिलो. "वहिनी, त्याचं रीडिंग बरोबर होतं. माझंही तेच आलं होतं. मी परीक्षकांसमोर खोटं बोललो, म्हणून हा नापास झाला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे. तो मुद्दाम कांद्यांकडे बघत होता, पण त्याचे कान हसत होते.

"भाऊजी, हे आत्ता सांगताय?"

"हो. उशीर झाला."

"आता मला हे उरलेलं आयुष्य रोज ऐकावं लागणार," त्या म्हणाल्या. पदराच्या टोकाने त्यांनी डोळ्याचा कोपरा टिपला आणि पोहे दिले. पोहे दोघांना. लिंबाची फोड फक्त त्याला.

निघताना मी त्याला सोमवारच्या परीक्षेचं सांगितलं. दिंडोरीची मुलगी, बोअरचं पाणी, एकवीस जण. तो पोट धरून हसला. मग आत जाऊन पाच लिटरचा कॅन घेऊन आला, विहिरीवर गेला आणि भरून आणला.

"हे घेऊन जा. याचा आकडा कुणाच्या जर्नलमध्ये नसेल. तुझ्याही नाही, माझ्याही नाही."

कॅन मांडीवर घेऊन मी नाशिकला आलो. झाकण थोडं गळत होतं, पँट ओली झाली. मला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी बावीसही जण आले. दिंडोरीच्या मुलीला यायची गरज नव्हती, पंचवीसपैकी तेवीस तिचे झाले होते. दोन जर्नलवरच्या चहाच्या डागाचे गेले. पण ती म्हणाली, "विहिरीचं आहे म्हणता, बघायचंय." त्या दिवशी प्रयोगशाळेत एक वेगळाच आवाज होता. कुणी शेजाऱ्याला आकडा विचारत नव्हतं, कारण शेजाऱ्यालाही माहीत नव्हता. एक जण म्हणाला, "सर, माझं एकोणीसच्या वर येतंय, चालेल का?" मी म्हणालो, "मला काय विचारतोस, मला तरी कुठे माहितीय?" ते खरं होतं. शेवटच्या बाकावर मीही माझी ब्युरेट लावून बसलो होतो. सातवा नियम त्या दिवशी लावायला अपेक्षित आकडाच नव्हता. मॅडमनी तिथल्या तिथे ठरवलं, की ज्याची तीन रीडिंग एकमेकांशी जुळतील त्याला मार्क. आता छापील कागदातही तसंच आहे.

संध्याकाळी मी चांदवडला फोन लावला.

"हां, बोल. किती आलं?" त्याने विचारलं.

"एकोणीस पॉइंट तीन. पाणी फार जड आहे तुमचं."

"पोरांचं सांगतोस की तुझं?"

"माझं. तीनदा केलं."

मागे वहिनींचा आवाज येत होता, कुणाला तरी किल्ली कुठे ठेवली विचारत होत्या.

"मग बरोबर असेल," तो म्हणाला.